मधल्या डब्यातला आवाज

इंदूरमध्ये सहा स्पीकरांचा कॉम्प्युटर सगळ्यात आधी मी वाजवला. दुसरा कोणी असा दावा करत असेल तर त्याला माझं नाव सांगा, तो चहा पाजून विषय बदलेल. परदेशीपुऱ्यातल्या माझ्या दुकानात त्या दिवशी वूफर असा घुमला की समोरच्या डेअरीतलं दूध उभ्या उभ्या विरजलं. डेअरीवाला भांडायला येणार म्हणून मी शटर अर्धं ओढून घेतलं, तर दुसऱ्या दिवशी तो हात जोडून हजर. "दिनूभिया, कल दही ऐसा जमा कि चाकू से काटना पड़ा. आज फिर बजा दो."

संपादकांनी मला बजावून सांगितलंय की अनुभव खरे लिहा. मी लिहितोच आहे. दही कापायचा चाकू मी स्वतः पाहिला आहे.

माझा धंदा समजावून सांगावा लागतो, कारण तो आता उरलेला नाही. आधी मी रेडिओ दुरुस्त करायचो, मग टेपरेकॉर्डर. मग देशाचा बाजार उघडला, बाहेरचा माल मोकळा येऊ लागला, तसा मी कॉम्प्युटर जोडायला शिकलो. बाकीचे दुकानदार कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका छापत. मी त्यावर सिनेमा वाजवत असे, तोही थेटरासारखा. थेटरातला आवाज सहा वाटांनी येतो. समोर डावीकडे एक डबा, उजवीकडे एक, त्यांत गाणं-बजावणं. पाठीमागे दोन, त्यांत पाऊस, घोडे, गर्दी आणि भुतं. एक मोठा डबा जमिनीवर, तो वूफर, त्याच्याकडे फक्त गडगडाट. आणि समोर बरोब्बर मध्ये एक छोटा डबा, दिसायला सगळ्यांत गरीब. पण सिनेमातली माणसं जे बोलतात ते जवळजवळ सगळं त्या एका डब्यातून येतं. गिऱ्हाईक नेमका तोच डबा आधी काढून ठेवायचा, कारण तिथे बायकोला फुलदाणी ठेवायची असे. मग मला फोन. "भिया, गाने तो भोत बढ़िया आ रिये हैं, पर हीरो गूँगा हो गया."

ज्यांच्याकडे दोनच स्पीकर, त्यांच्यासाठी सहाचे दोन करावे लागत. म्हणजे सहा भावांचे संसार दोन खोल्यांत बसवायचे. कोणाला पुढे बसवायचं, कोणाचा आवाज दाबायचा, हे ज्याला जमलं तो कारागीर. पण एकदा दोन खोल्यांत कोंबले की ते सहा पुन्हा वेगळे होत नाहीत. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

भावांवरून आठवलं. हातोदला लसणाचे व्यापारी होते, पाच भाऊ, एकत्र कुटुंब. त्यांच्या बैठकीत मी सगळं जोडून दिलं, वाजवून दाखवलं, जेवून निघालो. थोड्या दिवसांनी तातडीचं बोलावणं. जाऊन बघतो तर बैठकीत नुसता कॉम्प्युटर, डबे गायब. थोरल्या भावाने वाटणी केली होती. कोणावर अन्याय नको म्हणून पाच डबे पाच भावांच्या पाच खोल्यांत, तारा भिंती फोडून नेलेल्या. वूफर मानाचा म्हणून म्हाताऱ्या वडिलांना. तो त्यांच्या खाटेखाली होता आणि वडील वर पडून डोळे मिटून म्हणत होते, "कमर में आराम है." घर मात्र पेटलेलं. धाकटी वहिनी पदर सावरत माझ्यावरच आली. "भियाजी, हमारे कमरे में तो सिरफ घोड़े दौड़ते हैं. बाकी टाइम पानी गिरता है. पिक्चर में हुआ क्या, हमको आज तक पता नहीं."

एकटा मधला भाऊ खूश. त्याच्या वाट्याला मधला डबा आला होता. त्याच्या खोलीत ना गाणं, ना पाऊस. "दिनूभिया," तो म्हणाला, "अपने को तो सब समझ में आता है. ऐसा साफ, जैसे कोई बगल में बैठके बात कर रिया हो."

मी सगळे डबे परत बैठकीत आणले, पाची भावांना एका गादीवर बसवलं, आणि हसत हसत घरी आलो. म्हातारबांनी वूफर मात्र दिला नाही. पुढे कळलं की गावातले कंबरदुखीवाले त्यांच्या खाटेसाठी नंबर लावत.

आता आवाज जरा कमी करतो.

परदेशीपुऱ्यात घड्याळं कमी होती, मिलचे भोंगे होते. कापडाच्या मिल बंद पडत गेल्या तसे ते एकेक करून थांबले. शेवटचा थांबला त्यानंतरही बायका कितीतरी दिवस ठरल्या वेळी पोळ्या करत आणि मग त्या पोळ्यांकडे बघत बसत. माणसं ओट्यांवर येऊन बसली. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी चौकीदार झाला, आणि बरेच जण काहीच झाले नाहीत.

माझ्या दुकानामागच्या चाळीत सखारामकाका जाधव राहत. लूम खात्यात विणकर. माझे वडील त्याच मिलमध्ये कारकून, त्यामुळे लहानपणी एकदा मी त्या खात्यात गेलो होतो. मी फुगवून सांगतो हे जगजाहीर आहे, पण लूम खात्याचा आवाज फुगवता येत नाही. कितीही वाढवून सांगा, खरा त्याहून मोठा निघतो. तिथे कानाला तोंड लावून ओरडलं तरी उपयोग नसे, म्हणून विणकर ओरडतच नसत. ते नुसत्या ओठांनी बोलत. आवाज न काढता, सावकाश, एकेका अक्षराला ओठ, जीभ, गाल पुरते देऊन. खात्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला लग्नाचं आमंत्रण देई, आणि मधून चालत जाणाऱ्या मुकादमाला त्याच वेळी शिवीही देई.

काकांचा डावा कान तिथेच गेला. उजवा अर्धा राहिला. घरी आले तरी ते समोरच्याचे ओठच वाचत. काकूंनी लग्नानंतर थोडे दिवस ओरडून पाहिलं, मग त्याही ओठांवर आल्या. रेखा, त्यांची एकुलती एक मुलगी, बोलायला शिकली तीच अशी, दाराबाहेर आवाजाने आणि दाराच्या आत ओठांनी. चाळीत बाकी सगळ्यांची भांडणं कानावर यायची. जाधवांकडे भांडण झालं तर खिडकीतून बघावं लागे.

त्या मुलीने मुंबईला जाऊन डबिंगचं काम धरलं. परदेशी सिनेमातली बाई ओठ हलवते, त्या हलणाऱ्या ओठांवर हिंदी वाक्य असं बसवायचं की ते तिच्याच तोंडचं वाटावं. बाकीच्या मुली पुन्हा पुन्हा घेत बसायच्या. रेखा एकदा ओठ बघायची आणि बसवायची. कुठे शिकलीस म्हणून कोणी विचारलं तर सांगायची, घरी, जेवताना.

काकांना मात्र हे काम समजत नव्हतं. ओट्यावरचे लोक विचारत, "जाधवजी, छोरी कौन-से पिक्चर में है? दिखी तो नहीं." काका मला म्हणाले, "दिनकर, तोंड दुसऱ्या बाईचं आणि आवाज हिचा. मग खोटं कोण बोलतंय?"

मग कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजवा कानही चालला आहे. कधी जाईल ते सांगता येत नाही, पण जाणार. त्याच आठवड्यात रेखाचा फोन दुकानात आला.

"दिनूदादा, बाबांनी माझा आवाज कधी ऐकलाच नाहीये."

"असं कसं? मुलगी आहेस ना त्यांची!"

"घरात मी त्यांच्याशी कधी आवाजात बोललेच नाही. तुम्हाला माहितीये. गेल्या वेळी मी घरी आले तेव्हा कानाशी ओरडून बघितलं, तर म्हणाले, का रागावतेस? मी समोर असले की ते बघत बसतात, ऐकत नाहीत. लोक तिकीट काढून ऐकतात हो. कान जायच्या आत त्यांना एकदा ऐकवा. काहीही करा."

तिने एक डीव्हीडी पाठवली. त्या सिनेमात कुठल्याशा बर्फाळ देशाची राणी होती आणि राणीचा हिंदी आवाज रेखाचा होता. घरासाठी कॉम्प्युटरही जोडायला सांगितला. मी म्हटलं, हे तर माझ्या डाव्या हाताचं काम. चाळीतल्या त्या दोन खोल्यांत मी सहा डबे असे मांडले की देवघराला सुद्धा सरकावं लागलं. काकांना बरोब्बर मध्ये खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबलं.

काकांनी आधी वाकून वूफरवर तळहात ठेवला. विणकर मागावर ठेवतो तसा. माग नीट चालतोय की कुठे सैल पडलाय ते त्यांना हाताने कळायचं. "हा बरा चालतोय," ते म्हणाले. मग पडद्यावर राणी आली, बोलू लागली, आणि काका तिच्या ओठांकडे बघू लागले. बघता बघता कपाळाला आठी पडली.

"ही रेखा नाही."

"अहो, बसा तरी," काकू ओठांनी म्हणाल्या. "पोरीने पाठवलंय."

"ही बाई भलतंच बोलतेय. हिचं तोंड मिटलं, बोलणं संपलं. माझ्या पोरीचं यात काय आहे?" आणि ते उठून ओट्यावर गेले.

मी आवाज वाढवला. पत्रे थरथरले, कढई खुंटीवरून पडली, शेजारचे दुबेजी बनियनवर धावत आले आणि विचारू लागले की मिल चालू झाली का. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी आवाज लगेच बंद केला. तेवढ्यापुरता सुद्धा तो माणूस खूश झाला होता.

काकांचं कानयंत्र होतं, ते ट्रंकेत पडलेलं. त्यांची तक्रार रास्त होती. ते यंत्र सगळंच मोठं करी, काकूंच्या बांगड्या, चमचे, रस्त्यावरचा टेम्पो. बहिऱ्या कानाला आवाज कमी पडतो असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याला गर्दी सोसत नाही. मी सहाचे दोन करून हेडफोन लावून पाहिला, तर राणीचं अर्धं संगीत मेलेल्या डाव्या कानात गेलं आणि उरलेल्याने उजव्या कानात तिचंच बोलणं बुडवलं. काकांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "जाऊ दे, दिनकर. कशाला दुकान बंद ठेवतोस."

मीही ओट्यावर त्यांच्याशेजारी बसलो. काकूंनी चहा दिला. तिथे मला हातोदचा तो मधला भाऊ आठवला. ना गाणं, ना पाऊस. जैसे कोई बगल में बैठके बात कर रिया हो.

मी काकांच्या समोर आलो आणि ओठ मोठे करून म्हणालो, "काका, रेखाला एकटीला बाहेर काढतो."

ते हसले. "विणलेला कपडा उसवून कोरं सूत मिळतं का, वेड्या?"

"यात विणलेलं नाहीच अजून. सहा बॉबिनी शेजारी शेजारी ठेवून दिल्यात. विणकाम होतं ते ऐकणाऱ्याच्या कानात."

काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मग काढ."

काम सांगायला सोपं आहे. तबकडीवरून सिनेमा कॉम्प्युटरमध्ये उतरवायचा, चित्रापासून आवाज सोडवायचा, मग आवाजाची ती जुडी उघडून सहा धागे सहा वेगवेगळ्या फायलींत ठेवायचे. करायला मात्र त्या वेळच्या मशिनी बैलासारख्या. बसल्या की बसल्या. जागा पुरेना म्हणून मी माझा गाण्यांचा सगळा साठा पुसून टाकला. मशीन इतकी तापली की वरच्या झाकणावर मी पापड भाजला. बरं, भाजला नाही, पण मऊ पापड कडक झाला, हे काकूंना विचारा.

पाच धागे बाजूला ठेवले. मधला उघडला. त्यात सिनेमातली सगळी माणसं बोलत होती, त्यांतून फक्त राणी ठेवली. तिची हळू वाक्यं वर आणली, ओरडणं खाली आणलं, म्हणजे सगळं एका उंचीवर आलं. आणखी एक युक्ती माझ्या हातात होती. काकांचा कान बारीक आवाजाला मेलेला, जाड्या आवाजाला थोडा जिवंत. रेखाचा आवाज जरा खाली ओढून जाडा केला असता तर त्यांना सोपं गेलं असतं. मी करूनही पाहिलं. छान ऐकू येत होतं, पण ती कोणीतरी दुसरीच बाई होती. एक खोटं तोंड आधीच होतं, त्यात खोटा आवाज कशाला? ते पुसलं. तिचा आवाज जसा होता तसा ठेवला आणि सगळा उजव्या कानात सोडला.

दुपारी काका जेवून बसले होते. मी हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला. त्यांची नजर सवयीने पडद्याकडे गेली. मी पडदा बंद करणार तोच काकूंनी दोरीवरचा मांजरपाट ओढला, मिलमध्ये विणलेलाच असणार, आणि मॉनिटरवर टाकला. काका आता काकूंच्या तोंडाकडे बघू लागले. काकूंनी तोंडाला पदर लावला आणि भिंतीकडे वळल्या. मग ते माझ्याकडे बघू लागले, तर मी ओठ मिटून घेतले. मला ओळखणाऱ्यांनी समजून घ्यावं की हे किती मोठं काम होतं. मग काकांना बघायला काही उरलं नाही, आणि त्यांनी डोळे मिटले.

मी फाईल चालू केली. माझ्याकडे दुसरा हेडफोन होता. संगीत नाही, वारा नाही, दरवाजे नाहीत. मधे मधे लांबच लांब शांतता, आणि बोलायच्या आधी घेतलेला श्वास. पूर्ण सिनेमात हे श्वास कोणालाच ऐकू येत नाहीत. मग रेखा म्हणाली, "दरवाज़ा खुला रखना. मैं लौटूँगी."

काका हलले नाहीत. मला वाटलं, गेलं, नाही ऐकू आलं. मी थांबवून पुन्हा लावलं. श्वास. "दरवाज़ा खुला रखना. मैं लौटूँगी."

"परत," काका म्हणाले.

मी परत लावलं. मग परत. काकू भिंतीकडे तोंड करूनच उभ्या होत्या.

बऱ्याच वेळाने काकांनी डोळे उघडले आणि काकूंना विचारलं, "एवढी मोठी झाली ती?"

काकू वळल्या.

"तिचा आवाज मी पाळण्यातला ऐकलेला. तेव्हा कान एवढे गेले नव्हते. नंतर नुसती वाचलीच तिला. ती पत्र्याच्या पेटीसह मुंबईला निघाली, तरी माझ्या डोक्यात ती त्याच बारीक आवाजात बोलत होती. ही तर बाई आहे, चांगली. जबाबदार."

त्यानंतर रोज जेवण झालं की काका हेडफोन लावून बसत, पाळीवर गेल्यासारखे. ओट्यावर कोणी विचारलं तर सांगत, "मेरी छोरी है. दिखती नहीं है, बस." मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागलो की मी बहिऱ्याला कान दिले. प्रत्येक वेळी सांगताना काका थोडे जास्त बहिरे होत.

पावसाळ्यात एक दिवस काकूंनी मला हाताला धरून घरात नेलं. मोहल्ल्याची लाइट सकाळपासून गेलेली. कॉम्प्युटर बंद. काका हेडफोन लावून, डोळे मिटून बसलेले, आणि मान हलवत होते. जिथे हलवायची तिथेच.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मला काय माहीत," काकू म्हणाल्या. "काल लाइट होती तेव्हा मी वायर काढून पाहिली. तरी असेच बसले होते." मग माझा हात घट्ट धरला. "उजवाही गेला हे रेखाला सांगू नकोस, दिनू. तुझ्या तोंडात काही राहत नाही. एवढं ठेव."

ठेवलं. मला जमलं याचं मलाच नवल वाटतं.

दिवाळीला रेखा आली. मी फराळाच्या निमित्ताने गेलो होतो. ती काकांसमोर बसली आणि लहानपणीसारखी ओठांनी बोलू लागली, गाडीला गर्दी होती, तब्येत कशी आहे. काकांनी हात वर करून तिला थांबवलं. "तसं नको. आता मला तुझा आवाज माहीत आहे. आवाजात बोल." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

माइकसमोर राण्यांची वाक्यं एका दमात बसवणारी मुलगी, त्या खोलीत तिच्या गळ्यातून शब्द निघत नव्हता. तिने काकूंकडे बघितलं. काकू खाली बघत होत्या. मी चिवडा बघत होतो.

"ऐकलं," काका म्हणाले. डोळे मिटलेलेच. "छान आहे गं. अगदी तसाच आहे."

रेखाने अजून तोंड उघडलं नव्हतं.

परदेशीपुऱ्यात मी आयुष्यभर थापा मारल्या, पण तिथली सगळ्यात मोठी थाप माझी नाही. आणि ती पकडली जायला क्षणही लागला नाही. रेखा बापाच्या तोंडाकडे बघत होती. ओठ वाचणाऱ्याच्या घरातली मुलगी ती.

ती उठून त्यांच्याजवळ गेली. त्यांचा उजवा तळहात उचलला, तोच, मागावर ठेवायचा, आणि आपल्या गळ्यावर ठेवला. श्वास घेतला. तो मला ओळखू आला. मग ती बोलली, न ओरडता, आवाजात, त्या घरात पहिल्यांदा, आणि काका डोळे न उघडता हाताने ऐकत राहिले.

ती काय बोलली ते मी ऐकलं. इथे लिहीत नाही. माझ्या हातून ते वाढवलं जाईल, आणि ते वाढवण्यासारखं नव्हतं.